शेकरूची राखणवेल

मुलांनो, जंगलांची नावे सांगत बसलो तर गोष्ट राहूनच जाईल. तेव्हा एवढेच ध्यानात ठेवा, की डोंगरउतारावरच्या एका दाट जंगलात, आंब्याच्या अगदी उंच शेंड्यावर एक शेकरू राहत असे. शेकरू म्हणजे खारीचेच मोठे भावंड. मांजराएवढे अंग, तांबूस पाठ आणि अंगाहून लांब झुपकेदार शेपूट. या झाडावरून त्या झाडावर झेप घ्यावी तर त्यानेच. ते जन्मले झाडावर, वाढले झाडावर, आणि जमिनीवर पाऊल टाकण्याची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. त्याचे त्याला काही वाटतही नसे. उलट खाली धुळीतून चालणाऱ्यांची त्याला थोडी कीवच येई.

उन्हाळा चढला की त्या जंगलातले झरे एकेक करून आटत आणि आंब्याजवळचा एकच डोह उरे. संध्याकाळ झाली की सगळे तिथे पाण्याला येत. सगळे तिथे येतात हे बिबट्यालाही चांगले ठाऊक होते. दिवसभर वानर उंच फांद्यांवरून पहारा करत. बिबट्याची नुसती शेपटी दिसली तरी ते खाकरून अख्ख्या जंगलाला सावध करत. पण दिवस कलला की वानर झोपायच्या झाडावर जाऊन बसत, आणि बिबट्याची वेळ नेमकी तेव्हाच सुरू होई.

म्हणून त्या डोहावर एक जुनी रीत होती. एकाने पाणी प्यायला मान खाली घातली की शेजारच्याने मान वर ठेवायची. पहिल्याचे पिऊन झाले की मग दुसऱ्याची पाळी. शेजारी मित्र असो की वैरी, ही रीत कोणी मोडत नसे. कोल्हासुद्धा मोडत नसे, यावरून काय ते समजा. पण मान वर ठेवणारासुद्धा तहानलेलाच असतो. त्याची नजर झाडीवरून घसरून पाण्याकडे जाते, आणि तेवढा वेळ बिबट्याला पुरतो. अधूनमधून कोणी ना कोणी कमी होई. सकाळी शेकरूला वरून वाळूवर फरपटत नेल्याची खूण तेवढी दिसे.

शेकरूच्या मनाला ती खूण फार लागे. ते नुसते हळहळून गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. त्याचे डोके सुपीक होते आणि दात धारदार. एकदा दोन झाडांमध्ये लोंबणाऱ्या गुळवेलीवर त्याने उडी घेतली, तेव्हा वेलीच्या दुसऱ्या टोकाला अडकलेल्या शिरीषाच्या वाळक्या शेंगा खुळखुळ वाजल्या. त्या आवाजाने खालचे ससे दचकून पळाले. शेकरू तिथेच थबकले. वेल इथे हलली आणि आवाज तिथे झाला! मग बिबट्या झाडीत असतानाच डोहावर आवाज का होऊ नये?

झाले. शेकरूने खाणेपिणे सोडून दिले आणि वेली कुरतडायला सुरुवात केली. डोहाकडे येणाऱ्या प्रत्येक वाटेवर त्याने झाडाझाडांतून आडव्या वेली ताणल्या. त्यांची टोके फांद्यांवरून फिरवत डोहापर्यंत आणली आणि तिथे वाळक्या शेंगांचे घोस टांगले. वाटेवर कोणी वेलीला धडकले की डोहावर शेंगा वाजणार. असले काही जंगलात आजवर कोणी केले नव्हते. शेकरूने त्याचे नाव ठेवले राखणवेल.

सगळे बांधून झाल्यावर शेकरूने सर्वांना डोहावर बोलावले. ते एका खालच्या फांदीवर उभे राहिले, शेपूट फुलवली आणि म्हणाले, "मंडळी, आजपासून भीती संपली! बिबट्या कुठूनही येवो, त्याच्या आधी माझ्या शेंगा वाजतील. आता पाण्यावर पाळ्या लावायला नकोत. सगळ्यांनी एकदम मान खाली घाला आणि पोटभर प्या. वर बघायचे काम माझी वेल करील."

कोल्हा सगळ्यांच्या पुढे बसला होता. "वा, वा! असे डोके जंगलात दुसरे नाही! पिढ्यान्‌पिढ्या आम्ही माना ताणून उभे राहिलो ते काय उगीच? आमच्यात एक हुशार जन्माला यायचा होता म्हणून!"

सगळ्यांनी त्याची री ओढली. फक्त वानरांचा म्होरक्या फांदीवर पाठ फिरवून बसला. "इतकी वर्षे आम्ही घसा फोडतोय," तो पुटपुटला, "आमचे नाही कोणी कौतुक केले." पण त्या गर्दीत त्याचे कोण ऐकणार? शेकरू तर कौतुकाने इतके फुलले होते, की त्याची शेपूट आणखी फुलायला जागाच उरली नव्हती. त्या संध्याकाळी जंगलात पहिल्यांदाच सगळ्या माना एकदम पाण्यावर वाकल्या. वरून ते दृश्य फार सुंदर दिसले, असे शेकरू पुढे कितीतरी दिवस सांगत असे. मग सांगायचे बंद झाले.

कारण एका सकाळी शेंगा वाजल्या. सगळ्यांनी धूम ठोकली. कोणी पूर्वेला पळाले, कोणी पश्चिमेला. पण गंमत अशी की आवाज काही थांबेना. जिकडे पळावे तिकडे खुळखुळ मागे येई. शेवटी वानराने वरून पाहिले तेव्हा उलगडा झाला. एका म्हाताऱ्या गव्याच्या शिंगांत वेल अडकून तुटली होती आणि तो शेंगांचा घोस फरपटत संथपणे चरत चालला होता.

गवा थेट आंब्याखाली आला. "अरे बाबा," तो वर बघत म्हणाला, "सकाळपासून मी जिथे जातो तिथून सगळे पळताहेत. मला वाटले, म्हातारपणी अंगाला काही वास येऊ लागला की काय! चांगला अर्धा दिवस मी चिखलात लोळलो. तुझी ही वेल माझ्या शिंगांच्या बरोबर उंचीवर आहे. जरा बघ की."

"तुम्ही चालताना मान थोडी खाली घालत जा," शेकरू वरूनच म्हणाले आणि वेल दुरुस्त करायला निघून गेले.

मग वारा सुटला. उन्हाळ्यातला तो दुपारचा वारा तुम्हाला माहीतच आहे. शिरीषाच्या शेंगा म्हणजे हलक्या टरफलाच्या, वाऱ्याला त्या फारच आवडल्या. दुपारभर खुळखुळ, संध्याकाळी खुळखुळ. आधी सगळे पळाले, मग निम्मे पळाले, मग पळण्याचा सगळ्यांनाच कंटाळा आला. कोणी म्हणाले की वेल नीट नाही. "वेल अगदी नीट आहे," शेकरू म्हणाले, "यंदा वारा जास्त आहे."

आणि मग ती संध्याकाळ आली. वारा पडला होता, शेंगा गप्प होत्या. सगळे निर्धास्त पाणी पीत होते. एक सांबरीण आपल्या पाडसाला घेऊन आली होती. पाडस लहान, पहिलाच उन्हाळा त्याचा. त्यानेही सगळ्यांसारखी मान खाली घातली. शेंगा वाजल्या नाहीत, वेल हलली नाही, आणि कारवीच्या झुडपांतून बिबट्याने सरळ त्याच्यावर झेप घेतली. सांबरिणीने मागच्या पायांची अशी लाथ घातली की बिबट्या कोलमडला आणि परत झाडीत शिरला. पाडस वाचले. पण त्याची मागची मांडी फाटली होती, आणि ते तीन पायांवर उड्या मारत आईमागून गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळे जंगल आंब्याखाली जमले. आता मात्र कौतुकाला कोणी आले नव्हते. जो तो शेकरूवर तोंडसुख घेऊ लागला. ज्यांनी वेल कधी डोळ्यांनी पाहिलीही नव्हती, ते सर्वांत मोठ्याने बोलत होते.

"मी पहिल्याच दिवशी ओळखले होते," कोल्हा म्हणाला. "नुसता खुळखुळा! झाडावर बसून आम्हा जमिनीवरच्यांना शहाणपण शिकवतो!"

"वेली काय पहारा करणार?" वानरांचा म्होरक्या म्हणाला. "पहाऱ्याला डोळे लागतात."

"अहो, पण हा दोष वेलीचा नाही," शेकरू घाईघाईने म्हणाले. "बिबट्या भलत्याच वाटेने आला असेल. आणि गव्याने त्या दिवशी वेल तोडली नसती तर..."

तेवढ्यात सांबरीण पुढे झाली. ती ओरडली नाही. ती म्हणाली, "वेल वाजली नाही म्हणून मला राग नाही. तू म्हणालास, माना खाली घाला. म्हणून माझ्या लेकराने मान खाली घातली. त्याला रीत शिकवायच्या आधीच तू ती मोडायला सांगितलीस. त्या वेळी त्याच्या शेजारी कोणाचीच मान वर नव्हती. माझीसुद्धा नव्हती."

वाऱ्याला दोष देता येतो, गव्याला देता येतो. पण हे बोलणे त्याचे स्वतःचे होते, त्याच्याच तोंडून निघालेले, आणि तेही शेपूट फुलवून. ते आपल्या घरट्यात जाऊन पडले.

पुढचे काही दिवस आंब्याखाली येऊन लोक बोलतच होते. शेकरूला वाटे, हे ऐकण्यापेक्षा बहिरे झालेले बरे. मग हळूहळू येणारे कमी झाले. मग कोणीच येईना. शेकरूला आधी हायसे वाटले. ते भीतभीत डोहाजवळच्या फांदीवर आले. वाऱ्याने शेंगा वाजत होत्या आणि खाली कोणी मानसुद्धा वळवत नव्हते. सगळ्यांनी पुन्हा जुन्या पाळ्या लावल्या होत्या. कोल्हा शेंगांच्या घोसाखालीच झोपला होता. राखणवेल म्हणजे त्यांच्या लेखी आता एक वाळका पालापाचोळा होता.

मुलांनो, शिव्या खाणे वाईट, हे शेकरूला कळलेच होते. पण आपल्याला कोणी शिव्यासुद्धा देत नाही, हे त्याहून वाईट असते. शेकरूने ठरवले, की उद्या सगळ्या वेली कुरतडून टाकायच्या, आणि डोंगराच्या पलीकडच्या रानात जाऊन राहायचे, जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही.

सकाळी पहिल्या वेलीला त्याने दात लावला, तोच खालून आवाज आला. "अरे ए शेकरू! खाली बघ!"

सांबरीण उभी होती. मागे पाडस लंगडत होते.

"तुझी वेल काल पुन्हा वाऱ्याने वाजली," ती रागाने म्हणाली. "दोनदा मी या पोराला उठवून पळवले. आणि परवा संध्याकाळी बिबट्या करवंदीच्या जाळीपाशी होता, मला वास आला, तेव्हा मात्र शेंग हललीसुद्धा नाही. हे काय चालवले आहेस?"

शेकरू तिच्याकडे बघतच राहिले. "मावशी," ते चाचरत म्हणाले, "तुम्ही अजून माझ्या वेलीकडे कान देता?"

"मग काय करू?" सांबरीण म्हणाली. "इतरांचे बरे आहे. बिबट्या दिसला की पळाले. याचा पाय बघ. हा आता कोणाबरोबर पळणार? दिसल्यावर पळून याचे भागणार नाही. याला सगळ्यांच्या आधी कळायला हवे. मी याच्याजवळ मान वर करून उभी राहते, पण झाडीतले मला दिसत नाही. वानर झोपलेले असतात. तेव्हा तुझी ती मेली वेलच आहे. ती नीट वाजली तर हा पाऊस बघेल, नाही तर नाही. आता तूच सांग, मी तुझ्याशी भांडायला येऊ नको तर काय करू?"

शेकरूच्या पंजातून वेल सुटली. ज्या पाडसाला त्याच्या वेलीपायी इजा झाली, त्याचा जीव आता त्याच वेलीवर होता. जंगलात त्याच्या कामावर नाराज असलेले पुष्कळ होते. त्या कामाची खरोखर गरज असलेली ही एकटीच होती, आणि तीच सर्वांत जास्त दुखावलेली होती.

"मावशी, मी दुरुस्त करतो," ते म्हणाले. "पण कुठे चुकते आहे तेच मला वरून कळत नाही."

"मग खाली ये."

"खाली?" शेकरूच्या तोंडचे पाणी पळाले. "मी जन्मात जमिनीवर पाय ठेवलेला नाही."

"ते तुझ्या वेलीवरून दिसतेच आहे," सांबरीण म्हणाली. "ये. मी आहे इथे. तू काम बघ, मी मान वर ठेवते."

शेकरू खोडावरून उतरू लागले. दर दोन उड्यांनी ते थांबे आणि वर बघे. शेवटी त्याचा पंजा जमिनीला लागला. जमीन ऊन होती, आणि फार सपाट. पकडायला काही नव्हते, चारही बाजूंनी गवत त्याच्या डोक्यावर होते, आणि गवतात काय आहे ते दिसत नव्हते. तिथे एखादा उंदीर जरी खसफसला असता तरी शेकरूची छाती फुटली असती. खाली राहणारे रोज हेच सोसत होते तर! आणि आपण वरून त्यांची कीव करत होतो, या विचाराने त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने वर पाहिले. सांबरीण कान टवकारून, मान ताठ ठेवून उभी होती. डास चावत होते तरी ती डोके हलवत नव्हती. आपल्यासाठी कोणी असे उभे राहिले आहे, हे शेकरूने आयुष्यात पहिल्यांदा पाहिले.

ते वाटेवर चालत गेले. आपली वेल शोधली तर ती दिसेना. मग लक्षात आले, की ती डोक्यावर खूप उंच आहे. वरून पाहताना त्याला सगळ्यांच्या फक्त पाठी दिसत आणि सगळ्या पाठी सारख्याच उंच वाटत. वेलीवर सांबरिणीचे केस अडकले होते, गव्याच्या शिंगांनी साल सोलवटली होती.

"रोज माझ्या मानेला घासते ती," सांबरीण कुरकुरली.

"तुमच्या मानेला घासते," शेकरू हळूच म्हणाले. मग ते वाटेच्या कडेला गेले. कारवीच्या मुळाशी पोट घासून चालणाऱ्या कुणाची तरी पाऊलवाट होती. गवत एकाच दिशेला दबलेले, आणि मऊ मातीत गोल पंजे, नखांच्या खुणा नसलेले. शेकरू त्या वाटेवर चारी पायांवर वाकून उभे राहिले आणि त्याने वर पाहिले. वेल तिथून आभाळाइतकी लांब होती. बिबट्या वाटेच्या मधून कधी येतच नव्हता. तो कडेने, वाकून, वेलीच्या खालून निघून जात होता, आणि शेंगा वाजवण्याचे काम गरीब बिचाऱ्या गव्याकडे आले होते.

शेकरू परत आले ते हसत आणि रडत. "मावशी, गवा खरे बोलत होता! आणि मी त्याला मान खाली घालायला सांगितले! मी वेल बिबट्यासाठी बांधलीच नव्हती हो, मी ती तुमच्यासाठी बांधली होती!"

मग शेकरू कामाला लागले. आधी ते गव्याकडे गेले, त्याच्या समोरच्या फांदीवर बसून माफी मागितली आणि शिंगांना कुठे काय लागते ते सगळे विचारून घेतले. गवा इतका खूश झाला की त्याने एक जाड वेल स्वतः ओढून दिली. मग ते वानराकडे गेले. म्होरक्या आधी बोलेना. "तुम्ही म्हणालात, पहाऱ्याला डोळे लागतात," शेकरू म्हणाले. "मला तुमचे डोळे हवे आहेत. बिबट्या दिवसा कुठे पडून असतो आणि उठून कोणत्या बाजूला जातो?" इतक्या वर्षांत हे त्याला कोणी विचारले नव्हते. मग जे तो बोलायला लागला ते सूर्य मावळेपर्यंत थांबला नाही. तरी शेकरूने एक शब्द खाली पडू दिला नाही.

उंच वेली काढल्या गेल्या. त्यांच्या जागी वाटांच्या कडेने, कारवीच्या आत, खालच्या अंगाला वेली ताणल्या गेल्या. सशा-मुंगसांच्या डोक्यावरून आणि बिबट्याच्या छातीला लागतील अशा. वाटेच्या मधे काहीच ठेवले नाही. शिरीषाच्या हलक्या शेंगा फेकून दिल्या आणि गारंबीच्या हातभर लांब, लाकडासारख्या शेंगा टांगल्या. वाऱ्याला त्या दाद देत नसत, पण वेल ओढली गेली की आतल्या टणक बिया खडखडत. हे सगळे करायला शेकरूला रोज जमिनीवर उतरावे लागे, आणि रोज सांबरीण येऊन मान वर करून उभी राही. काम करता करता ती त्याला बोलतही राही. हे सैल आहे, ते फार घट्ट झाले, इथे माझे पाडस अडखळते. शेकरू ऐके आणि सोडून पुन्हा बांधे.

बाकीच्यांना याचा पत्ताच नव्हता. शेंगा वाजेनाशा झाल्या एवढेच त्यांना कळले, आणि बरे झाले म्हणून ते विसरून गेले.

एका संध्याकाळी डोहावर सगळे होते. पाणी आता अगदी तळाला गेले होते, म्हणून दाटीवाटीने उभे राहावे लागे, आणि त्या गर्दीत पाळ्यांचा गोंधळ उडाला होता. वारा अजिबात नव्हता. आणि खड, खड, खड. एकच घोस वाजला, कारवीच्या बाजूचा.

"वाजला हो वाजला, शेकरूचा खुळखुळा!" कोल्हा म्हणाला आणि त्याने पुन्हा पाण्यात तोंड घातले. काहीजण हसले. कोणी जागचे हलले नाही.

सांबरिणीने पाडसाला नाकाने ढकलले. ते लंगडत चढणीला लागले. तिला त्याच्या मागोमाग निघून जाता आले असते. तिच्या लेकराला जेवढा वेळ हवा होता तेवढा मिळाला होता. पण ती वळली, पाय आपटला आणि सगळ्या जंगलाला ऐकू जाईल अशी "ढाँक!" करून ओरडली. शेंगांवर कोणाचा विश्वास नसला तरी सांबरिणीच्या ओरडण्यावर होता. एका क्षणात डोह रिकामा झाला. बिबट्या कारवीतून बाहेर झेपावला तेव्हा त्याच्या पुढ्यात कोल्ह्याची शेपटी तेवढी होती. तिचे थोडे केस त्याच्या पंजात राहिले, कोल्हा मात्र निसटला. बिबट्या दोन घोट पाणी प्यायला आणि उपाशीच परत गेला.

सकाळी आंब्याखाली पुन्हा सगळे जंगल जमले. कोल्हा केस उपटलेल्या शेपटीसकट पुढे होता. "मी पहिल्यापासून म्हणत होतो," त्याने सुरुवात केली, "असे डोके जंगलात दुसरे..."

"कोल्होबा, थोडे थांबा," शेकरू म्हणाले. ते फांदीवर उभे राहिले नव्हते. ते खोडावरून उतरून सगळ्यांच्या देखत मातीत आले होते. "मंडळी, ही वेल कधीतरी पुन्हा चुकेल. म्हणून पाण्यावरच्या पाळ्या मोडू नका. मी मोडायला सांगितल्या ती माझी घमेंड होती. आणि काल तुम्ही वाचलात ते माझ्या शेंगांमुळे नव्हे. शेंगा वाजल्या तेव्हा तुम्ही हसत होता. शेंगा ऐकणारी एकच होती, आणि ती ओरडली म्हणून तुम्ही वाचलात."

मग ते सांबरिणीसमोर जाऊन बसले. "मावशी, सगळे मला बोलत होते तेव्हा मला वाटे, याहून वाईट काही नाही. मग सगळे गप्प झाले. त्या सकाळी मी वेल कुरतडायलाच बसलो होतो. तुम्ही भांडायला आला नसता तर आज इथे ना वेल असती, ना मी. तुमचे उपकार मी कसे फेडू?"

"उपकार कसले?" सांबरीण म्हणाली. तिला असल्या बोलण्याची सवय नव्हती, ती उगीच कान हलवू लागली. "मी काही तुझ्या भल्यासाठी आले नव्हते. मला माझे लेकरू जगवायचे होते."

"ठाऊक आहे मला," शेकरू म्हणाले. "म्हणूनच तुम्ही मला खरे तेच सांगितलेत. मला बरे वाटावे म्हणून काही झाकले नाही, आणि मला खाली पाडावे म्हणून काही वाढवले नाही. तुमच्या लेकराला इजा झाली ती माझ्या चुकीने. तरी तुम्ही माझ्याकडेच परत आलात. मावशी, हे मी विसरणार नाही."

पाडस पुढे होऊन शेकरूची शेपूट हुंगत होते. त्याची जखम सुकली होती आणि चौथा पाय आता हलकेच का होईना, जमिनीला टेकत होता.

"बरे, ते राहू दे," सांबरीण म्हणाली. "पलीकडच्या वाटेची वेल रात्रीत सैल झाली आहे. येताना मी मुद्दाम पाय लावून पाहिला. आवाज आला नाही. कोण बांधते असे?"

ऐकणाऱ्यांना वाटले, आता शेकरू ओशाळणार. पण त्याचा चेहरा असा उजळला की पहिल्या दिवशीच्या कौतुकानेही उजळला नव्हता. "चला मावशी, दाखवा कुठे ते," ते म्हणाले, आणि कोल्ह्याचे अर्धवट राहिलेले भाषण तसेच सोडून तिच्या पुढे टुणटुण उड्या मारत निघाले.

तात्पर्य : जो रागावून का होईना, पण आपल्या चुकीपायी सोसूनही पुन्हा आपल्याच दाराशी येतो, त्याची आपल्याकडून असलेली आशा अजून सुटलेली नसते; त्याचे बोलणे आधी ऐकावे आणि मनापासून त्याचे आभार मानावेत.